हवा भरून पाठवलेल्या ट्यूबा

५ जानेवारी

मा. व्यवस्थापक यांस,

आपलं छापील पत्र मिळालं. 'सर्व टायर-ट्यूब दुकानदारांस कळविण्यात येते की' अशी सुरुवात, शेवटी कारखान्याचा गोल शिक्का आणि शिक्क्याला धडकलेली सही. सहीचा शेवटचा फराटा कागदाच्या बाहेर पळायला बघतो. शाळेत असल्यापासून तो तसाच आहे, त्यावरून बाईंचा ओरडाही खाल्ला होता, पण सुधारणा शून्य.

हे धंद्याचं पत्र आहे, तेव्हा धंद्याचंच बोलते. आमच्याकडे निकामी रबरी ट्यूबा आहेत का, असं आपण विचारता. आहेत. मागची खोली भरून आहेत. त्या खोलीत पूर्वी माझी एक भाची अभ्यास करत बसायची. तिच्या आईबापांच्या सारख्या बदल्या, म्हणून शाळा संपेपर्यंत ती माझ्याकडे. पाठ करताना सारखी गुणगुणायची म्हणून तिला भुंगा म्हणायचो. आता तिथे ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या आणि सायकलींच्या ट्यूबांचा ढीग आहे, आणि तो अजिबात गुणगुणत नाही.

आपण लिहिता की या रबराचा बंद भट्टीत कोळसा करणार आणि तो कोळसा पुन्हा पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटऱ्यांच्या पोटात घालणार. मी हे मिस्त्रींना वाचून दाखवलं. आमचे मिस्त्री पॅच मारतात आणि बोलायचं काम शक्यतो दुसऱ्यावर ढकलतात. पण त्यांनीसुद्धा चष्मा वर करून विचारलं, "पंक्चर ट्यूबेतून वीज?" मी म्हटलं, शिकलेली माणसं आहेत, करतील काहीतरी.

माल पाठवते. अट एकच, तो माझ्या पद्धतीने येईल. मग आपल्याकडून कुरकुर नको.

आपली,
ट्यूबवाली

ता. क. दोन वर्षांपूर्वी मला कुणीतरी ऐकवलं होतं, "आत्या, रबराचा धंदा संपला, दुकान विकून टाक." मीही तोंड आवरलं नाही. "पुन्हा माझ्या दारात पाय ठेवू नकोस," म्हणाले. आता तीच व्यक्ती शिक्का मारून माझ्याकडे रबर मागते. मला हसू आलं, एवढंच कळवायचं होतं.


१९ जानेवारी

व्यवस्थापकबाई,

पहिला माल ट्रकवाल्याबरोबर पाठवला आहे. आपल्या गावापर्यंत नेहमी खेप करतो तोच हा. त्याला सदान्‌कदा घाई असते, म्हणून मिस्त्री त्याला 'निघालो' म्हणतात. पत्र त्याच्याच हाती देते आहे. फोन करायला हरकत नव्हती, पण फोनवर माणूस भलतंच बोलून बसतो, आणि हा धंदा आहे.

ट्यूबा उघडल्यावर आपल्या डोळ्यांचं पारणं फिटेल. प्रत्येक ट्यूब आधी धुतली. मग हवा भरून टाकीतल्या पाण्यात बुडवली. जिथून बुडबुडे आले तिथे मिस्त्रींनी पॅच मारला. मग पुन्हा बुडवून बघितली, पुसली, वाळवली. शेवटी हवा काढून, अंगभर पांढरी पावडर चोळून, नीट घडी घालून दोरीने बांधली. पावडर म्हणजे आपली शंखजिऱ्याची, ती चोळली नाही तर रबराला रबर चिकटतं आणि गठ्ठ्याचा गोळा होतो. तुम्ही कारखानेवाले विसरला असाल, म्हणून सांगितलं.

मिस्त्री म्हणाले, "भट्टीतच जायच्यात ना?" मी म्हटलं, जाऊ देत. जाताना तरी धडधाकट जाऊ देत. माझ्या दुकानातून फाटका माल बाहेर पडला, असं कुणी म्हणायला नको, आणि तुमच्या कारखान्याने तर मुळीच नको.

माल स्वच्छ आहे. पुन्हा धुण्याचा अपमान करू नये.

आपली,
ट्यूबवाली

ता. क. कागदाच्या कोपऱ्यावर पांढरा अंगठा उमटला आहे. पावडरचा आहे. दुकानात बसून लिहिलं की असं होतं.


१० फेब्रुवारी

भुंगा व्यवस्थापक यांस,

'निघालो'ने तुझं पत्र दिलं. या खेपेला शिक्का नव्हता आणि 'आत्या' लिहिलं होतंस, म्हणून मीही 'तू' म्हणते. धंदा धंद्याच्या जागी.

पॅच मारलेल्या ट्यूबा बघून तुझ्याकडचे सगळे हसून हसून लोळले म्हणे. भट्टीवाल्या काकांनी एक ट्यूब फुगवून खुर्चीवर ठेवली आहे आणि जेवणाच्या सुट्टीत तिच्यावर बसतात. बसू देत. पॅच मिस्त्रींचा आहे, खुर्ची मोडेल पण तो सुटणार नाही.

तू समजावून लिहिलंस ते बरं केलंस. मला वाटत होतं तुम्ही रबर पेटवता आणि गावभर धूर सोडता. तू लिहितेस की भट्टीत हवेचा कण जाऊ देत नाही, त्यामुळे रबर जळत नाही, नुसतं भाजत भाजत कोळसा होतं. त्यातून निघणारी वाफ आणि तेल वेगळं धरून ठेवता. मग कोळसा आम्लात धुऊन, दळून, पातळ पत्र्यावर त्याचा लेप देता. बॅटरी चार्ज केली की वीज त्या कोळशाच्या बारीक बारीक फटींत जाऊन बसते आणि लागेल तेव्हा बाहेर येते. हे मला पटलं. आयुष्यभर मी रबरात हवा कोंडली, तू त्याच रबरात वीज कोंडतेस. म्हणजे घराण्याचा धंदा तू अगदीच सोडला नाहीस, फक्त माझ्यापाशी कबूल केलं नाहीस.

पहिला नमुना बॅटरी कंपनीने नापास केला, हे वाचून मात्र वाईट वाटलं. कोळशात पांढरे बारीक कण सापडले, त्यांनी जागा अडवली आणि बॅटरी लवकर मान टाकायला लागली, असं लिहितेस. हे कण नक्की कुणाच्या तरी मातकट मालातून आले असणार. स्टेशनापलीकडच्या त्या टायरवाल्याकडे एकदा जाऊन बघ, त्याच्या ट्यूबांवर भाजी उगवेल. त्याचा माल तीन तीन पाण्यांतून काढ. माझा सोड.

दुसरी खेप पाठवते आहे. या वेळी पावडर जरा सढळ हाताने लावली आहे. उन्हाचे दिवस येताहेत, वाटेत चिकटायला नकोत.

तुझी,
ट्यूबवाली (आत्या)


२ मार्च

भुंग्या,

दुसराही नमुना नापास. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि चहा गार झाला.

तू लिहितेस, तिसरा आणि शेवटचा नमुना महिनाअखेरीस द्यायचा. तोही गेला तर बॅटरी कंपनी दुसरीकडे वळेल, तुमचे मालक भट्टी बंद करतील आणि शेड कुणाला तरी गोदामासाठी देतील. दोन वर्षं खपून उभं केलंस ते सगळं संपेल. आणि त्याच्या खाली एकच ओळ: 'तसं झालं तर मी परत येईन, आत्या. दुकानात बसेन. घेशील ना?'

हे काय विचारणं झालं? घेशील ना म्हणे.

खरं सांगते, मला तुझ्यासाठी वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, साधारण चहा गार होईपर्यंत. मग मी उठले आणि मागच्या खोलीतला ढीग उपसायला लागले. खिडकी सापडली. तिच्या चौकटीवर तू पेन्सिलने काढलेली सूत्रं तशीच आहेत, मी त्यांच्यावर रंग मारू दिला नव्हता. मिस्त्री दारात उभे राहून बघत होते. "कोण येतंय?" म्हणाले. मी सांगितलं. मग ते दुपारभर शीळ घालत होते, आणि मिस्त्रींना शीळ घालता येते हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं.

तू खचू नकोस. तिसऱ्या खेपेचा माल याच ट्रकमध्ये आहे. धुतलेला, पॅच मारलेला, पावडर लावलेला. ढिगातल्या सर्वांत चांगल्या ट्यूबा निवडून दिल्या आहेत. नमुना पास झाला तर उत्तम, नाही झाला तर खोली तयार आहे. दोन्हीकडून तुझा फायदाच.

तुझी आत्या

ता. क. माझ्या प्रत्येक पत्रावर पांढरा अंगठा असतो, पत्र उघडलं की दुकानाचा वास येतो, म्हणून तू ती खणात जपून ठेवतेस, असं लिहिलंस. असलं काही लिहीत जाऊ नकोस, मला मग दिवसभर काम सुचत नाही.


९ मार्च

भुंग्या,

'निघालो' तुझं पत्र देऊन गेला. सगळं वाचलं.

खोलीला पांढरा रंग दिला. गादी नवी भरली. जुनी गादी मिस्त्रींच्या हवाली केली, ते म्हणतात मऊ आहे. खिडकीला पडदा लावायचा आहे, निळा घेऊ की हिरवा ते कळव. टेबल हलतं, त्याच्या पायाखाली रबराचा तुकडा दिला.

भट्टीतल्या विटा फोडून काढायच्या म्हणतेस, तर तुझा तुलाच ठाऊक. मला त्यातलं काय कळतं?

इकडे ऊन फार आहे.

तुझी आत्या


१० मार्च

भुंग्या,

याच्या आधी कालचं पत्र वाच. सोबत जोडलं आहे. काल ते पाकिटात घातलं, पाकीट चिकटवलं, आणि आज सकाळी फोडलं. त्यात मी पडद्याचं लिहिलं, गादीचं लिहिलं, आणि लिहायचं ते सोडून बाकी सगळं लिहिलं.

तुझं परवाचं पत्र मी मिस्त्रींना मोठ्याने वाचून दाखवत होते. तू लिहिलं होतंस, 'ते पांढरे कण भट्टीत जळत नाहीत, आम्लात विरघळत नाहीत. बाकी सगळ्या दुकानदारांचा माल आम्ही तीनदा धुतो, म्हणजे तिथून येत नसणार. तुझा माल धुवायचा प्रश्नच नाही, तुझ्या हातचा आहे. म्हणजे दोष भट्टीच्या विटांचा. सोमवारी भट्टीचं अस्तर फोडतोय.'

मी वाचत होते तेव्हा मिस्त्री गरम पॅच मारायच्या साच्यावर पावडर शिंपडत होते. रबर साच्याला चिकटू नये म्हणून आम्ही रोज शिंपडतो. साचा चटचट तापतो, रबर वितळतं, पण ती पावडर तशीच पांढरी राहते. जळत नाही. मी वाचता वाचता थांबले. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच्या कोपरापर्यंत पांढऱ्या झालेल्या हाताकडे बघितलं. मग डब्याचं झाकण लावलं, अगदी हळू.

शंखजिरं आहे ग ते. मी मुठी मुठीने चोळून तुझ्या भट्टीत पाठवत होते, वर धुऊ नका म्हणून दमही दिला होता. पहिल्या खेपेला लावली, दुसरीला जास्त लावली, आणि तिसरीला, तुझा शेवटचा नमुना म्हणून, डबाच्या डबा रिकामा केला. माझ्यासारखी हुशार बाई शोधून सापडणार नाही.

हे मला काल दुपारीच कळलं होतं. तरी मी पडद्याचं पत्र लिहिलं. का, ते तुला सांगायला नको, पण सांगते. मी गप्प बसले असते तर सोमवारी तुम्ही विटा फोडल्या असत्या, दोष सापडला नसता, नमुना नापास झाला असता आणि महिनाअखेरीस तू बॅग घेऊन दारात उभी राहिली असतीस. गादी तयार आहे. मला ते फार हवं होतं. दोन वर्षं मला या दुकानात कुणाशी धड भांडतासुद्धा आलेलं नाही, मिस्त्री उत्तरच देत नाहीत.

पण मग तू खिडकीशी बसली असतीस आणि जन्मभर तुला वाटलं असतं की तुझं गणित चुकलं. आणि मी रोज समोर बसून ते बघितलं असतं. ते मला झेपणार नाही. त्यापेक्षा तू लांब राहा आणि बरोबर राहा.

तेव्हा विटांना हात लावू नकोस. तिसऱ्या खेपेचा माल भट्टीत घालू नकोस, आणि घातला असशील तर तो कोळसा बाजूला ठेव. या ट्रकमध्ये नवा माल आहे, त्याला आम्ही पावडर चोळलेली नाही. आम्ही आज सकाळपासून त्याच कामाला जुंपलो होतो.

अडचण अशी होती की बिनपावडरच्या ट्यूबा घडी घालून पाठवल्या तर या उन्हात वाटेतच त्यांचा लगदा होईल. मी डोक्याला हात लावून बसले होते. मिस्त्री उठले, त्यांनी एक ट्यूब पंपाला लावली, टम्म फुगवली आणि माझ्यापुढे उभी केली. फुगलेली ट्यूब स्वतःला कशी चिकटेल? मग काय, सगळ्या फुगवल्या. पॅच मारून ठेवले होते म्हणून हवा धरताहेत. तुझे लोक ज्या पॅचना हसले, ते आता कामाला आले, हे भट्टीवाल्या काकांना मुद्दाम सांग. आतमध्ये ट्यूब बनवणाऱ्यांची थोडी पावडर असते, ती कापल्यावर धुऊन काढा. आणि बाहेरूनही धुवा, तीनदा धुवा. मी अपमान करून घ्यायला तयार आहे.

'निघालो'ने ट्रक बघितला आणि आयुष्यात पहिल्यांदा जागेवर उभा राहिला. ट्रक काठोकाठ भरलेला आणि वजन काहीच नाही. "आत्या, मी हवा वाहून न्यायची का?" म्हणाला. मी म्हटलं, हो, आणि जपून ने, सगळी माझ्या भाचीची आहे.

आत्या


२९ मार्च

भुंग्या,

तुझा फोन आला तेव्हा माझा हात टाकीत होता. मिस्त्रींनी फोन माझ्या कानाला धरला. तू 'पास' म्हणालीस, पुढे काय बोललीस ते मला ऐकू आलं नाही, कारण मिस्त्रींनी फोन माझ्या कानावरून काढून स्वतःच्या कानाला लावला होता. त्यांनी तुझ्याशी काय बोलणं केलं ते मला सांगत नाहीत. नुसते हसतात. मला जरा रडू आलं, पण हात ओला असल्यामुळे चेहरा सगळाच ओला झाला, तेव्हा कुणाला कळलं नाही.

आज 'निघालो'ने खोका आणून दिला. आत तुझा दिवा. चिठ्ठीत लिहिलं आहेस की यातल्या बॅटरीत नव्या खेपेतल्या ट्यूबांचा कोळसा आहे, म्हणजे कदाचित तुझ्या खोलीतल्याच ढिगातला. टाकीचा डावा कोपरा अंधारा, तिथले बुडबुडे मला दिसत नाहीत, हे तुझ्या लक्षात होतं. दिवा तिथेच टांगला आहे. आज सकाळी एका सायकलवाल्याच्या ट्यूबेला एवढंसं भोक होतं, जुन्या डोळ्यांना कधी सापडलं नसतं. या दिव्यात पहिलाच बुडबुडा दिसला. सायकलवाल्याला मी सांगितलं, हा दिवा ट्यूबेचाच आहे. तो म्हणाला, "हो का," आणि हवा जरा कडक भरा म्हणाला. लोकांना कशाचं म्हणून कौतुक नाही.

तुझ्या मालकांनी सगळ्या दुकानदारांना नवीन छापील पत्र पाठवलंय, ते मलाही आलं. 'ट्यूबांना कोणत्याही प्रकारची पावडर लावू नये. शक्य असल्यास हवा भरून पाठवाव्यात.' वाचून मी मिस्त्रींना म्हटलं, बघा, आपली चूक छापून आली. ते म्हणाले, "उपायही आलाय की." एका दमात एवढं बोलले. कारखान्याला आता कायमचा माल लागणार, म्हणजे त्यांनाही काम पुरेल आणि मलाही.

तू येणार नाहीस, हे आता पक्कं. खोलीचं काय करू असं मला वाटत होतं. मग ठरवलं, पडदा निळाच लावायचा आणि खोली तशीच ठेवायची. सुट्टीत आलीस तर झोपायला होईल. दारात पाय ठेवू नकोस असं जे मी म्हटलं होतं, ते त्या वेळी माझं डोकं फिरलं होतं म्हणून. त्याचा आता उल्लेख नको.

आणि तू बोलावतेस तर येते. पुढच्या खेपेला 'निघालो'च्या शेजारी बसून येईन, मागे सगळी हवा असेल. भट्टी मला आतून-बाहेरून बघायची आहे, काकांच्या खुर्चीवरची ट्यूबही बघायची आहे, आणि नंतर तुझ्याशी पोटभर भांडायचं आहे. दुकान तेवढे दिवस मिस्त्री बघतील. ते म्हणाले, "निवांत जा."

तुझ्या दारात पाय ठेवायची परवानगी मी मागत नाही. दोन्ही हात मात्र साबणाने घासून येते, तू स्वतः तपास आणि मग आत घे.

तुझीच,
आत्या